बस मागे घ्यायची नाही

कामेन्नी लोग
१२ जून २००३

प्रिय ताई,

पत्र मिळालं, फोटोही मिळाला. तो तूच काढलास हे लिहायची गरज नव्हती, निम्म्या फोटोत तुझा अंगठा आहे. उरलेल्या निम्म्यात आई आहे. कॅमेरा कुठे धरलाय ते तिला कळलेलं दिसत नाही. तिच्या काचबिंदूचं डॉक्टर काय म्हणतात ते नीट लिही. मागच्या वेळेसारखं ‘बरं आहे’ एवढंच लिहून मोकळी होऊ नकोस.

फोन का करत नाहीस म्हणून ओरडतेस. बाई, माझ्या घरी फोन नाही. क्लबातला फोन कारखान्यातून जोडून मिळतो. जोडणारी बाई सगळं ऐकते आणि ऐकून झाल्यावर मलाच सल्ला देते. तू तिकडे रडलीस तर इथे कॅन्टीनमध्ये संध्याकाळपर्यंत सगळे हळहळतील.

आता बातमी. आपला ‘मार्तेन’ फुटबॉल संघ गटात पहिला आहे. हो, पहिला. तुला आमच्या विभागांची भानगड कधीच कळली नाही म्हणून पुन्हा सांगतो. सगळ्यात वर प्रीमियर, त्याखाली पहिला विभाग, त्याखाली आम्ही, म्हणजे दुसरा विभाग. तो देशभर पाच गटांत चिरलाय. गटात जो पहिला येतो तो वर जातो. दुसऱ्याला टाळ्या. आमच्या गटातली गावं बसनं गाठता येतात. पण पहिल्या विभागात देशभर विमानानं हिंडावं लागतं, आणि तुमच्या खाबारोव्स्कचा संघ त्याच विभागात आहे. म्हणजे आम्ही वर गेलो तर पुढच्या वर्षी तुझा भाऊ क्लबच्या खर्चानं तुमच्या दारात. अकरा वर्षांनी. आईला अजून सांगू नकोस.

पोरं चांगली आहेत. कप्तान इल्दार गोलरक्षक आहे, तातार, शांत, डुकराचं खात नाही आणि गोलही खात नाही. फोमिच माझा सहायक कोच, वयानं मोठा, माझ्यापेक्षा जास्त शिव्या देतो. आणि बसवर सावेली. खेळायला निघालेली बस मागे घ्यायची नाही हे आमच्याकडे सगळेच पाळतात, मी खेळत होतो तेव्हाही पाळायचे, पण सावेलीइतकं कडक कुणी नाही. संघातलं एक माणूस जरी आत असलं तरी तो रिव्हर्स टाकत नाही. मागच्या आठवड्यात पेट्रोलपंपावर समोर टँकर आडवा आला. सावेलीनं इंजिन बंद केलं, दार उघडलं, आणि वरून पाऊस कोसळत असताना आम्हा सगळ्यांना खाली उतरवलं. रिकामी बस चार हात मागे घेतली, मग आम्हाला परत चढवलं. मी म्हटलं, सावेली, पोरांना सर्दी होईल. तो म्हणाला, सर्दी बरी होते. त्या दिवशी जिंकलो, आता काय बोलणार.

गुडघा दुखतोय, पण तो तर दुखतोच.

तुझा
गोर्देई

○

खाबारोव्स्क
३ जुलै २००३

प्रिय गोर्दू,

आईला सांगू नकोस असं तू लिहिलंस त्याच पानावर बाकीचं सगळं लिहिलंस. तुझी पत्रं तिला वाचून कोण दाखवतं? मी. मधली ओळ गाळताना माझा आवाज बदलला आणि तिनं लगेच विचारलं, काय गिळलंस? झालं, सांगावं लागलं.

आता आमच्या जिन्यावर असा एकही माणूस उरलेला नाही ज्याला दुसऱ्या विभागाचा गुणतक्ता माहीत नाही. मी सलूनमध्ये बायकांचे केस कापते आणि आई तिथल्याच बाकावर बसून त्यांना बरोबरीचा एक गुण कसा मिळतो ते सांगते. खालच्या मजल्यावरचा निवृत्त नाविक रोज तिला क्रीडावार्ता वाचून दाखवतो. तुमचे सामने त्यात छोट्या अक्षरांत येतात, म्हणून तो भिंग घेऊन येतो. काल तिनं मला विचारलं, संघात डुकराचं न खाणारे किती जण आहेत? म्हटलं, कप्तान तरी नाही खात. मग ती म्हणाली, त्याच्यासाठी मेंढीचा खिमा भरून पेल्मेनी वेगळी करू, ती वेगळ्या थाळीत ठेवू, म्हणजे गोंधळ नको. अरे, बावीस माणसं येऊन आपल्या स्वयंपाकघरात बसणार आहेत असं ती धरून चाललीय. बसायला स्टुलं तीन.

डॉक्टरांचं तू विचारलंस. मला लिहायचं नव्हतं. ते म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली आहे तीही वर्षभरात जाईल. मग फक्त उजेड नि सावली. आई हे ऐकत होती. घरी येताना ट्रॅममध्ये म्हणाली, वर्षभर म्हणजे पुढचा उन्हाळा धरायचा ना? मी हो म्हटलं. ती म्हणाली, मग गोर्दू येईल तोवर पुरेल.

म्हणून सांगते, जिंक बाबा. मला चेंडूतलं काही कळत नाही, पण जिंक.

लारिसा

○

कामेन्नी लोग
२ ऑगस्ट २००३

ताई,

हे पत्र एकटीनं वाच. आईसमोर वाचायला लागली असशील तर थांब आणि दूध उतू जातंय म्हणून स्वयंपाकघरात जा.

काल आव्देई कार्पोविचनं मला वाफेच्या न्हाणीत बोलावलं. तो कारखान्याचा संचालक. म्हणजे क्लबचा मालक, मी राहतो त्या फ्लॅटचाही मालक, आणि टेलिफोनवरच्या त्या बाईचाही. मला वाटलं शाबासकी द्यायला बोलावलं असेल. दिलीसुद्धा. वरच्या फळीवर मला पालथं झोपवलं आणि बर्चच्या ओल्या फांद्यांनी स्वतःच्या हातानं माझी पाठ झोडपली. हा मान तो कुणालाही देत नाही. झोडपता झोडपता म्हणाला, “गोर्देई लुकिच, चांदी सोन्यापेक्षा सुंदर दिसते. दुसरा ये.”

मला वाटलं वाफेनं माझं डोकं फिरलं. मग त्यानं नीट समजावलं. वर गेलो तर विमानं, हॉटेलं, नवं मैदान, दिवे. कारखान्याला ते झेपणार नाही. मी म्हटलं, जिंकू आणि वर जायला नकार देऊ, असं कितीतरी क्लब करतात. तो म्हणाला, जिंकून नकार दिला की सगळा प्रांत विचारणार, कारखान्याचं दिवाळं निघालं का? दुसरा येणारा संचालक क्रीडाप्रेमी ठरतो आणि पहिला येऊन मागे फिरणारा भिकारी. तशी वेळ आणलीस तर मी क्लबलाच कुलूप लावीन. मोठ्या संघाला, लहान मुलांच्या शाळेला, सगळ्याला. पोरांना सांगायचं नाही, असंही बजावलं. मग पाठीवर गार पाणी ओतलं आणि काकडी दिली खायला.

पालथ्या पडलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, ताई. उठून बसल्यावर म्हणायला हवं होतं, तर मी काकडी खाल्ली.

सांग आता, मी काय करू. जिंकलो तर बावीस पोरं रस्त्यावर. कारखान्याची भट्टी सोडली तर या गावात दुसरं काम नाही, आणि भट्टीवरही माणसं कमी करताहेत. इल्दारला दोन मुली आहेत. हरलो तर आई. आणि हरायचं तरी कसं? मी सोळा वर्षं बचावात खेळलो, हरायला मला कुणी शिकवलंच नाही. रात्री पडून छताकडे बघतो, ते छतही आव्देई कार्पोविचचं.

आईला यातलं काही सांगू नकोस. या वेळी खरंच नको.

गोर्देई

○

खाबारोव्स्क
२४ ऑगस्ट २००३

गोर्दू,

दूध खरंच उतू गेलं.

तुझा तो संचालक माझ्या खुर्चीत बसायला हवा होता. वस्तरा गळ्याशी असला की माणसं फार समजूतदारपणे बोलतात. तीन दिवस मी इतकी तणतणत होते की एका बाईची कपाळावरची झालर वाकडी कापली. तिला सांगितलं, हीच नवी पद्धत आहे.

राग ओसरल्यावर विचार केला. तू लिहितोस, जिंकलो तर पोरं रस्त्यावर. हे तू पोरांना विचारलंस का? ती माणसं आहेत की भांडी, कुठल्या फळीवर ठेवायची ते तू ठरवायला? तुझा इल्दार दोन मुलींचा बाप आहे, त्याला स्वतःचं डोकं असेल. त्यांना सगळं सांग आणि मग जे ठरेल ते सगळ्यांचं. संचालक नको म्हणाला तर म्हणू दे. तो काय मैदानात येऊन तुमचा चेंडू अडवणार आहे?

मी तुला जिंक म्हणून सांगितलं होतं, ते शब्द मागे घेत नाही. पण आईसाठी जिंक असं आता म्हणवत नाही. ती खोलीचे पडदे शिवतेय. टाके दिसत नाहीत म्हणून बोटांनी चाचपत शिवते. मी विचारलं, पडदे कशाला? तर म्हणाली, कोच माणूस आहे, लोक भेटायला येतील. असं ऐकलं की मला तुझा राग येतो, आणि मग रागावल्याचंच वाईट वाटतं. तुझा काय दोष म्हणा. आणि तरी येतोच.

त्यांना सांग, गोर्दू. एवढं एक ऐक माझं.

लारिसा

○

कामेन्नी लोग
१९ सप्टेंबर २००३

प्रिय ताई,

उशीर झाला, माफ कर. अजून सांगितलेलं नाही. रोज सरावाला जाताना ठरवतो की आज सांगायचं. पोरं धावत असतात, हसत असतात, आणि मी शिट्टी वाजवतो. शिट्टी तोंडात असली की बोलावं लागत नाही.

हरायचा प्रयत्न केला, हे कुणाजवळ तरी बोलायलाच हवं. गेल्या शनिवारी चांगले पाच जण बाकावर बसवले, दुखापतीचं कारण दिलं, आणि कच्ची पोरं उतरवली. तीन-शून्यनं जिंकली. एकानं तर असा गोल मारला की मीच उडी मारून उठलो आणि गुडघा धरून खाली बसलो. आव्देई कार्पोविच व्हीआयपी खुर्चीत टाळ्या वाजवत होता. टाळ्या वाजवताना त्याची नजर माझ्यावर होती.

आता शेवटचा सामना उरलाय. १२ ऑक्टोबरला, बाहेरगावी, सुखोय ब्रोदला. बरोबरी केली तरी पहिले. दुकानात पाव घ्यायला गेलो तर बाई पैसे घेत नाही, म्हणते जिंकून या मग बघू. सगळं गाव असं चांगलं वागतंय आणि मला तोंड लपवायला जागा नाही. या गावाला बाहेर जायचा एकच रस्ता आहे, तोही कारखान्याच्या फाटकावरून जातो, आणि फाटकावरचा माणूस मला सलाम ठोकतो.

रविवारी फोमिचबरोबर अळंबी आणायला गेलो, तेवढंच डोकं शांत झालं. सुखोय ब्रोदकडे जाणारा जुना लाकूडवाल्यांचा रस्ता आहे, तिथे ढीगभर मिळाली. रस्ता दोन्ही बाजूंनी झाडीत इतका अरुंद की गाडी वळत नाही. पुढे नदीवरचा लाकडी पूल वसंतातल्या पुरानं नेलाय, तर तिथे साधी पाटीसुद्धा लावलेली नाही. फोमिचनं आपली गाडी पार मोठ्या रस्त्यापर्यंत उलटी आणली, मान मोडेस्तोवर मागे बघत आणि पुलाच्या कंत्राटदाराचा उद्धार करत. हसून हसून पोट दुखलं माझं. किती दिवसांनी हसलो असेन. अळंबी कॅन्टीनवालीला दिली, एक टोपली इल्दारच्या घरी.

आईच्या पडद्यांचा रंग कोणता?

गोर्देई

○

खाबारोव्स्क
८ ऑक्टोबर २००३

गोर्दू,

हे तुला सामन्याआधी मिळणार नाही, ठाऊक आहे, तरी लिहिते. आईला चैन पडत नाही म्हणून मलाही नाही. ती सांगते ते लिहितेय: त्याला म्हणावं, पायात दोन मोजे घाल, तिकडे आता गारठा असेल. आणि म्हणावं, पडदे निळे आहेत, मला निळे दिसतात अजून.

नाविक आजोबा म्हणाले, निकाल कळला की ते जिन्यावर खालूनच ओरडतील. रविवारी आम्ही दार उघडं ठेवून बसणार आहोत.

लारिसा

○

कामेन्नी लोग
२० ऑक्टोबर २००३

प्रिय ताई,

तुम्हाला कळलंच असेल. नशीब खोटं, दुसरं काय. हे पत्र आईला वाचून दाखव, म्हणून सगळं नीट लिहितो.

सुखोय ब्रोदला निघालो तेव्हा थोडा उशीर झाला होता. वेळ वाचावा म्हणून जुन्या रस्त्यानं घेतलं. नदीपाशी गेलो तर पूल वाहून गेलेला. कुणाला ठाऊक होतं? बस वळायला जागा नाही. सावेलीचा तो नियम तुला सांगितला आहेच, आत माणसं असताना तो बस मागे घेत नाही. पोरं उतरली. माझा गुडघा त्या दिवशी इतका धरला होता की मला चिखलात उतरता येईना. मी म्हटलं, सावेली, मी एकटा बसतो, तू घे मागे. तो घेईना. त्यातच वेळ गेला. तिकडे पंचांनी नियमाप्रमाणे वाट बघितली आणि ते निघून गेले. न आलेला संघ हरला असं धरतात, शून्य-तीन. सुखोय ब्रोदचा संघ पहिला आला, आम्ही दुसरे.

आईला सांग, पुढच्या वर्षी बघू. क्लब चालू आहे, सगळ्यांच्या नोकऱ्या आहेत. आव्देई कार्पोविचनं माझा करार तीन वर्षांनी वाढवला. फ्लॅटलाही रंग काढून देणार आहे.

पडदे निळे आहेत तर चांगलेच दिसत असतील.

गोर्देई

○

खाबारोव्स्क
२५ जानेवारी २००४

गोर्देई,

तीन महिने लिहिलं नाही. तूही लिहिलं नाहीस, म्हणजे का ते तुला ठाऊक आहे.

‘कुणाला ठाऊक होतं’ असं तू लिहिलंस. आईला ते वाक्य मी तसंच वाचून दाखवलं. अरे, अळंबीच्या पत्रात तूच मला तो पूल सांगितला होतास, पाटी नाही हेही सांगितलं होतंस. आईला पुलाचं सांगितलं नाही. तिला वाटू दे नशीब म्हणून.

पण तीन आठवड्यांपूर्वी दाराची घंटा वाजली. मी कामावर होते, म्हणून हे आईकडून आणि त्या मुलाकडून ऐकलेलं जोडून लिहिते. आईनं दार उघडलं. दारात उंच माणूस, अंगावर खेळाडूंचा कोट, खांद्याला पिशवी. तिला आता आकारच दिसतो. ती म्हणाली, “गोर्दू?” त्यानं पिशवी खाली ठेवली. तिनं त्याचा हात धरून आत आणलं, खुर्चीत बसवलं, गालाला हात लावला, आणि रडत रडत पेल्मेनी उकळायला टाकली. थाळी समोर ठेवली तेव्हा तो अगदी हळू म्हणाला, “आजी, यात डुकराचं आहे का?”

आईनं थाळी परत आपल्याकडे ओढली. मग म्हणाली, “म्हणजे तू इल्दार.”

आमच्या संघानं त्याला घेतलंय, विमानानं आणलंय. बायको-मुली मागाहून येणार आहेत. आईनं फळीवरून दुसरी थाळी काढली आणि फ्रीजरमधून मेंढीच्या खिम्याची पेल्मेनी. ती तिनं ऑगस्टमध्येच करून ठेवली होती. मी आले तेव्हा तो खात होता आणि आई त्याच्यासमोर बसून होती. मग त्यानं सांगितलं. चहाडी म्हणून नव्हे. त्याला वाटलं होतं की तू आम्हाला आधीच लिहिलं असशील.

न्हाणीतला भट्टी पेटवणारा माणूस सगळं ऐकत होता, गोर्दू. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सगळ्या गावाला ठाऊक होतं की तुला दुसरं यायला सांगितलंय. पावाच्या दुकानातल्या बाईलाही. पोरांनी बसून आपापसात ठरवलं होतं: जिंकायचं, मग काय व्हायचं ते होऊ दे. कुणी खाणीत जाणार होता, कुणी मेहुण्याकडे, एकजण सैन्याच्या संघात. सगळ्यांनी आपापली सोय बघून ठेवली होती. तुला सांगितलं नाही, कारण तुला त्रास होईल, तू संचालकापुढे अडचणीत येशील असं त्यांना वाटलं. तू त्यांना सांभाळत होतास आणि ती पोरं तुला.

आणि मग तू जुन्या रस्त्यानं घ्यायला सांगितलंस. इल्दार म्हणाला, वळण आलं तेव्हाच मी ओळखलं, आमच्या घरी अळंबी तिथलीच आली होती. तरी त्याला वाटलं, पूल बघून कोचच्या मनातलं निघून जाईल, सगळे उतरू, बस मागे घेऊ, पोहोचू. तेवढा वेळ होता. सगळे उतरले. सावेलीही दारात उभा राहिला. तू एकटा आत. इल्दारनं काचेवर टकटक केलं आणि म्हणाला, “गोर्देई लुकिच, उतरा.” तू समोर बघत राहिलास. मग एकेक करून सगळ्यांनी काच वाजवली. गुडघ्याचं खरं होतं का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, वेळ टळल्यावर ते स्वतः उतरले आणि चालत नदीपर्यंत गेले.

मी रागानं पेटले होते. पण आई शांतपणे ऐकत होती. सगळं झाल्यावर तिनं मला कागद आणायला सांगितला. हे तिचं आहे, शब्दाला शब्द:

“गोर्दू, माझ्यासाठी तू जिंकायला नको होतंस. माझ्या नावानं हरायलाही नको. पोरं काच वाजवतात तेव्हा उतरायचं असतं, बाळा. मी अजून आहे.”

इल्दार दर रविवारी येतो. बल्ब बदलतो, बटाटे आणतो. आई त्याला दार उघडताना आता नाव विचारते.

लारिसा

○

रेल्वेतून
६ एप्रिल २००४

ताई,

अक्षर हलतंय, गाडीत लिहितोय. हे वाचताना आई जवळ असली तरी चालेल. काही गाळू नकोस.

तुझं पत्र मी कितीतरी दिवस खिशात घेऊन फिरलो. उत्तर लिहायला बसलो की पहिल्या ओळीत गुडघा यायचा. इल्दारनं सांगितलं ते सगळं खरं आहे. एक त्यानं सांगितलं नाही, कारण तेव्हा तो तिथे नव्हता. त्या दिवसानंतर पोरं माझ्याशी कधी वाईट वागली नाहीत. नमस्कार करतात, सांगेन ते करतात. फक्त बसमध्ये एक नवीन सुरू झालं. हिवाळ्यात मित्रत्वाचे सामने खेळायला गेलो, वाटेत कुठेही बस मागे घ्यायची वेळ आली, की सावेली दार उघडतो आणि कुणी जागचं हलत नाही. सगळे माझ्याकडे बघत बसतात. मी उतरलो की मग उतरतात.  फोमिचसुद्धा शिवी देत नाही. एकदा पंपावर मी मुद्दाम बसून राहिलो, बघू म्हटलं काय करतात. तेही बसून राहिले. शेवटी मीच उठलो.

मार्चमध्ये आव्देई कार्पोविचनं पुन्हा न्हाणीत बोलावलं. पुन्हा फांद्या, पुन्हा पालथं. म्हणाला, “यंदाही चांदीच, गोर्देई लुकिच. तुला ते छान जमतं.” करार तीन वर्षांचा. म्हणजे तीन चांद्या. मी तिथल्या तिथे उठून बसलो आणि म्हटलं, मी जातो. त्याला वाटलं वाफेनं गरम झालो, त्यानं दार उघडून दिलं. मी म्हटलं, न्हाणीतून नाही, कामावरून जातो. काकडी घेतली नाही.

मग त्यानं सगळं ऐकवलं. फ्लॅट सोडावा लागेल, या गटात तुला कुठला क्लब घेणार नाही, अर्ध्या वाटेत करार मोडणारा म्हणून नाव होईल. खरं असेल ते. संघ फोमिचकडे दिला. फोमिचला विचारलं, तुलाही चांदीच सांगतील, काय करशील? तो म्हणाला, मी बहिरा आहे. तो बहिरा नाही, पण आता होईल.

पोरांना सांगायचं होतं आणि पुन्हा जमेना. हंगामाचा पहिला सामना बाहेरगावी होता. माझी बॅग घेऊन मी मैदानावर गेलो, म्हटलं बस सुटायच्या आधी सांगू. आणि सवयीनं आपल्या जागेवर जाऊन बसलो, पुढे, दारापाशी. तोंड उघडणार तोच सावेलीनं इंजिन बंद केलं. फाटकात कोळशाचा ट्रक आडवा उभा होता. त्याचा ड्रायव्हर कुठे जेवायला गेलेला. दार उघडलं. सगळी बस माझ्याकडे बघायला लागली.

मी बॅग उचलली आणि उतरलो. मागोमाग सगळे उतरले. सावेलीनं रिकामी बस मागे घेतली, वळवली, बाजूच्या फाटकाशी लावली. पोरं एकेक करून चढली. मी खालीच उभा. तेव्हा त्यांना बॅग दिसली. तिथे मी बोललो, ताई. म्हटलं, त्या दिवशी गुडघा दुखत नव्हता. आणखीही काही म्हणायचं ठरवलं होतं, पण तेवढंच आलं.  मग मागच्या बाकावरून कुणीतरी काचेवर टकटक केलं. मग दुसऱ्यानं. सगळे वाजवायला लागले. चढा म्हणत होते की जा म्हणत होते, मला कळलं नाही, आणि विचारायची हिंमतही झाली नाही.

सावेली दार उघडं ठेवून माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, “दार लाव, सावेली. उशीर होईल.”

स्टेशनपर्यंत चालत गेलो. फाटकावरच्या माणसानं सलाम केला नाही, तो वर्तमानपत्र वाचत होता. तुमच्याकडची गाडी मिळाली. जागा वरची आहे, खालचा म्हातारा इतका घोरतो की डबा हलतो. पैसे तिकिटातच गेले, म्हणून चहाबरोबर पाव आणि फोमिचनं दिलेली वाळवलेली अळंबी चघळतोय. पुढे काम काय करीन ते ठाऊक नाही. तुझ्या सलूनमध्ये केस झाडायला माणूस लागतो का?

भीती वाटते, ताई. सरळ सांगतो. अकरा वर्षं मला वाटायचं की येता येत नाही, आणि आता येतोय तर तिला मी दिसणार नाही. दरवेळी गाडी थांबली की उतरून मागे फिरावंसं वाटतं. अजून फिरलेलो नाही.

हे पत्र पुढच्या स्टेशनवर पेटीत टाकतो. टपाल याच रुळांवरून जातं, तेव्हा आम्ही दोघं थोड्याफार फरकानं पोहोचू. हे आधी आलं, तर एक कर. घंटा वाजली की तू उठू नकोस. दार तिलाच उघडू दे, आणि तिनं नाव विचारलं तर विचारू दे.

गोर्दू